शुभदाच्या वतीने

शुभदा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मी तिच्या पलंगाशीच होते, त्यामुळे बातमी इतरांना देण्याचं काम माझ्याकडे आलं. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला फोन आणि कुणाला नुसता मेसेज, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ठरवलं. पहिला फोन मिरजेला तिच्या भावाला, दुसरा ती जिथे काम करायची त्या हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात, मग आमच्या ब्लॉकमधली ओळखीची घरं. माझा स्वभावच तसा आहे. हातात काम असलं की मी उभी राहू शकते. तिच्या विभागात फोन उचलणाऱ्या सिस्टरला मी सांगितलं. तिच्या मागे यंत्रांचे आवाज चालू होते. मग ती म्हणाली, “मॅम, वन मिनिट हं... आय गो साइड फर्स्ट.” बाजूला जाऊन ती रडली. तोवर मी फोन कानाला धरून थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की मी अजून रडलेले नाही.

याला आता काही आठवडे झाले. शुभदाने जाण्याआधी मला एक काम सोपवलं होतं. ते मी नीट पार पाडलं की नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. पण ती कोण होती हे सांगितल्याशिवाय ते काम कळायचं नाही.

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये ती आमच्या दोन मजले वर राहायची. मिरजेत नर्सिंग शिकून ती सिंगापूरला स्टाफ नर्स म्हणून आली. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगी आर्या प्राथमिक शाळेत होती. त्यानंतर नोकरी सांभाळून ती इथल्या विद्यापीठात पुन्हा शिकली आणि अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स झाली. या पदाला मराठीत नेमका शब्द नाही आणि त्यामुळे तिची बरीच गंमत व्हायची. अशी नर्स रुग्णाला स्वतः तपासते, चाचण्या सांगते, औषधांची मात्रा बदलते, डॉक्टरांबरोबर उपचार ठरवते, आणि शिवाय पलंगाशी उभी असतेच. मिरजेला गेली की शेजारच्या काकू विचारायच्या, “काय गं, अजून नर्सच का?” शुभदा हसून म्हणायची, “हो काकू, आता जास्तच नर्स झालेय.” इथल्या मंडळाच्या गणपतीत तिच्याभोवती बँकवाले आणि आयटीवाले आपापल्या रक्ताच्या तपासण्या मोबाइलवर उघडून उभे राहायचे. “शुभदाताई, जरा कोलेस्टेरॉल बघता का?” ती न बघताच म्हणायची, “आधी हातातला मोदक खाली ठेवा.”

तेव्हा आमची ओळख लिफ्टपुरतीच होती. मी अलेक्झांड्रा भागात एका कंपनीत हिशेब बघते. सकाळी लिफ्टमध्ये मी ऑफिसला निघालेली असायचे आणि ती कधी कामावर निघालेली, कधी परतलेली. तिच्या चेहऱ्यावरून ते ओळखता यायचं नाही. आमची मैत्री झाली ती माझ्या नवऱ्यामुळे. श्रीकांतची बायपास झाली आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला ज्या विभागात आणलं, तिथे शुभदा होती.

अशा शस्त्रक्रियेनंतर छातीतून दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात आणि आतलं रक्त त्यातून पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या डब्यात जमत राहतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी त्या डब्यावर नजर ठेवून बसले होते. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. श्रीकांत औषधांनी झोपवलेला होता, तोंडात नळी होती. शुभदा त्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी सांगायची, “श्रीकांतराव, जरा कुशीवर घेते तुम्हाला. मेधाताई इथेच आहेत, डोळ्यांत तेल घालून हिशेब तपासतायत.” पलीकडच्या पलंगावरच्या चिनी आजोबांना म्हणायची, “अंकल, आय टर्न यू टु द विंडो साइड, हं? पेन ऑर नॉट?” दोघांपैकी कुणीही उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता. मला आधी ते विचित्र वाटलं. नंतर वाटलं, या खोलीत श्रीकांतला अजून माणूस म्हणून हाक मारणारी एकटी हीच आहे. मीसुद्धा त्याच्याकडे न बघता डब्याकडे बघत होते.

दुपारी त्या डब्यातलं रक्त वाढायचं थांबलं. मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्याकडे गेले. “शुभदा, थांबलं बघ रक्त!” ती हसली नाही. वाकून तिने नळी बघितली, मग त्याच्या मानेवरच्या शिरा बघितल्या, मग पडद्यावरचे आकडे. सगळं सावकाश. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, “मेधाताई, बाहेर बसा.” मी दारापाशी पोचेपर्यंत ती फोनवर सर्जनशी बोलत होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “आय डोन्ट लाइक इट. प्लीज कम नाउ.” ते आले. मशीन लावून हृदय बघितलं आणि श्रीकांतला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. नळीत गुठळी अडकली होती. रक्त आतच हृदयाभोवती साचून त्यालाच दाबत होतं. मी ज्याला बरं होणं समजले होते, ते नेमकं उलट होतं.

श्रीकांत वाचला. पुढे एकदा मी तिला विचारलं, तुला कळलं कसं? ती म्हणाली, “बाहेर येणारं रक्त दिसतं, म्हणून लोकांना त्याची भीती वाटते. मला, जे यायला हवं पण येत नाही, त्याची भीती वाटते.” त्यात शौर्याचा आव नव्हता. त्या विभागात तिच्यासारखे आणखीही होते आणि ते सगळे हेच करतात, असं ती बजावून सांगायची. सर्जनबद्दल म्हणायची, “आले ना लगेच? ‘आय डोन्ट लाइक इट’ एवढ्यावर उठून येणारा सर्जन मिळायला नशीब लागतं.”

त्यानंतर ती आमच्या घरची झाली, मी ‘मेधाताई’ची ‘मेधा’ झाले. आर्या शाळेतून आली की आधी आमच्याकडे यायची, ‘मेधामावशी, हंग्री’ म्हणत फ्रिज उघडायची. शुभदाची ड्यूटी लांबली तर माझ्याकडेच जेवायची. मराठी कळायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. शुभदा चिडायची, “मराठीत बोल की जरा!” आणि आर्या इथल्या सगळ्यांसारखं शेवटी ‘लाह’ जोडून म्हणायची, “बोलते ना, लाह.”

कामाबद्दल शुभदा क्वचितच बोलायची. रुग्णाचं नाव तर कधीच सांगितलं नाही. पण एक गोष्ट तिने मला आणि आर्यालाही, पोळी-भाजी खाता खाता, बरेचदा सांगितली होती. काही रुग्ण असे असतात, की यंत्रं त्यांना चालवत राहतात पण परत आणू शकत नाहीत. तेव्हा घरच्यांशी बोलावं लागतं. ती म्हणायची, “त्यांना ‘काय करायचं’ असं विचारायचं नाही. तो प्रश्नच क्रूर आहे. मुलगा काय सांगणार, बापाचं मशीन बंद करा म्हणून? मी विचारते, ते स्वतः आत्ता या खुर्चीत बसून हे सगळं बघत असते, तर काय म्हणाले असते? मग बघ. पाच मिनिटांपूर्वी भांडणारी भावंडं गप्प होतात. एखादी मुलगी हसतेसुद्धा. म्हणते, पप्पा म्हणाले असते, आधी माझे दात आणून द्या.” असं सांगताना तिला स्वतःलाच हसू यायचं आणि मग ती उठून ताटं उचलायची.

मागच्या वर्षी तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तिने रिपोर्ट स्वतः वाचला, त्यामुळे तिला काही समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही. केमोथेरपी घेतली, केस गेले, भूक गेली. मध्ये थोडे बरे दिवस आले, तेव्हा तिने हट्टाने आम्हाला पुलाउ उबीन बेटावर नेलं. बंबोट, म्हणजे तिकडे जाणारी छोटी मोटारबोट, माणसांनी भरेपर्यंत धक्क्यावर थांबलो, मग पलीकडे पोचलो. श्रीकांत आणि आर्या भाड्याच्या सायकली घेऊन निघून गेले आणि आम्ही दोघी धक्क्याजवळच्या दुकानात शहाळं घेऊन बसलो. तिला दोन घोटांच्या वर जात नव्हतं. तिथे तिने ते काम सांगितलं.

इथे सिंगापुरात अशी सोय आहे, की पुढे आपण बोलू शकलो नाही तर डॉक्टरांशी आपल्या वतीने कोण बोलणार, हे आधीच ठरवून नोंदवता येतं. उपचार शेवटी डॉक्टरच ठरवतात, पण त्या माणसाला विचारून. शुभदाला मी हवी होते.

“मला आयसीयू नको. नळी नको. माझ्या विभागात तर मुळीच नको, त्या पोरींना मला तसं बघायला लावायचं नाही. हे तू सांगायचंस.”

“आर्या?” मी विचारलं.

“म्हणूनच तर तू. तिने हो म्हटलं तरी ते तिच्या डोक्यावर बसणार, नाही म्हटलं तरी बसणार. सव्वीस वर्षांची आहे ती, मेधा. तिला आईसाठी नुसतं रडता आलं पाहिजे. निर्णय तू घे. तू आधी काम करतेस आणि मग रडतेस.”

“हे कौतुक आहे की टोमणा?”

“तुझ्या कामाचं आहे ते, ठेवून घे.”

मी हो म्हटलं. सोपं वाटलं मला. एक वाक्य तर बोलायचं होतं. आर्यालाही शुभदाने घरी नीट बसवून सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यावर पुढे कुणी बोललं नाही.

मग न्यूमोनिया झाला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये शुभदा बोलत होती, वॉर्डात पोचेपर्यंत अर्धवट गुंगीत गेली. दुपारी एक तरुण डॉक्टर आल्या. त्यांनी अगदी नीट समजावून सांगितलं. श्वास थकत चाललाय. अतिदक्षता विभागात नेऊन व्हेंटिलेटर लावता येईल, पण मूळ आजार पाहता त्यातून ती बाहेर येईल असं त्यांना वाटत नाही. किंवा इथेच ठेवून धाप आणि वेदना कमी करणारी औषधं देता येतील. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “यू आर हर स्पोक्सपर्सन?”

माझं वाक्य तयार होतं. तेवढ्यात आर्या म्हणाली, “नो. शी इज द नेबर. आय अ‍ॅम द डॉटर.”

ती पलंगाच्या पायथ्याशी आईचं पाऊल दोन्ही हातांत धरून उभी होती. मला वाईट वाटलं असं नाही. खरं तर ती चूक काहीच बोलली नव्हती. मग ती माझ्याकडे वळली. “मावशी, प्लीज. फक्त एकदा ट्राय करू दे त्यांना. तिने किती लोकांसाठी केलं. काकांसाठी केलं ना? काकांना परत आत नेलं ना? तिने सोडलं का काकांना? मग आता तू तिला सोडणार?”

श्रीकांतची गोष्ट वेगळी होती, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही होतं, हे मला ठाऊक होतं आणि आर्यालाही ठाऊक होतं. पण ते त्या क्षणी म्हणणं म्हणजे हिशेब करणं झालं असतं. माझा नवरा घरी बसून वर्तमानपत्र वाचत होता आणि तिची आई इथे धापा टाकत होती. डॉक्टर थांबल्या होत्या. मी माझं वाक्य बोलले असते तर त्यांनी ते मानलं असतं. शुभदाने मला नेमलं होतं ते त्यासाठीच. मी ठरल्याप्रमाणे बोलायचं आणि आर्याने माझा राग धरायचा, असाच तो करार होता.

पण मी आर्याकडे बघितलं आणि ते वाक्य माझ्याच्याने बोलवेना. मी म्हटलं, “आर्या, मला काय वाटतं ते राहू दे. तुला काय वाटतं तेही जरा बाजूला ठेव. आई आत्ता या खुर्चीत बसून हे ऐकत असती, तर काय म्हणाली असती?”

“डोन्ट यू डेअर!” ती ओरडली. “डोन्ट यूज हर लाइन ऑन मी!”

शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईंनी वळून बघितलं. डॉक्टरांनी पडदा थोडा पुढे ओढला. शुभदाच्या श्वासाचा आवाज येत होता, मध्येच अडकणारा. आर्याने त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर माझी पिशवी होती. मी ती का उचलली मला माहीत नाही, पण उचलून खाली ठेवली.

मग आर्याच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि रडतही होती. “ती म्हणाली असती... ‘बेड अडवू नका.’” मग अगदी शुभदाच्या आवाजात, भुवया वर करून, “‘आयसीयूचा बेड? माझ्यासाठी? हू इज धिस फेलो एनीहाउ गिव्हिंग बेड? समवन एल्स नीड, यू नो!’” डॉक्टरसुद्धा मास्कच्या आत हसल्या असाव्यात, त्यांचे डोळे बारीक झाले. आर्याने पाऊल सोडलं नाही. डॉक्टरांकडे वळून ती स्वतःच म्हणाली, “नो ट्यूब. प्लीज मेक हर कम्फर्टेबल. माय मदर... शी नोज ऑल धिस.”

मी फक्त मान हलवली. सांगायचं होतं ते वाक्य मी शेवटपर्यंत बोललेच नाही.

औषधांनी धाप कमी झाली. एक सिस्टर आल्या. आर्याने त्यांना थांबवलं आणि आधी आईच्या कानाशी वाकली. “आई, आता ते तुझी उशी वर करणारेत, ओके?” संध्याकाळी, जेवणाच्या गाड्या वॉर्डात फिरत असताना, शुभदा गेली.

पुढची सगळी कामं मी केली. अंत्यसंस्कार, बँक, फ्लॅटचे कागद, मिरजेच्या भावाचं विमान. एकेक गोष्ट संपवत गेले. पण शुभदाने जे खरं काम दिलं होतं ते अंगाला चिकटून राहिलं. तिला हवं होतं ते झालं, हे खरं. पण ज्या मुलीवर ते ओझं येऊ नये म्हणून तिने मला निवडलं, त्याच मुलीकडून मी ते वदवून घेतलं. शुभदा काय म्हणाली असती? तिचा प्रश्न मी तिच्यासाठीच विचारून बघितला आणि मला उत्तर आलं नाही. श्रीकांत म्हणाला, “तू नको तेवढा विचार करतेयस.” तो असं म्हणणार हे मला माहीत होतं.

गेल्या शनिवारी आर्याकडे गेले. ती पाया लेबार भागात नोकरी करते, आठवडाभर उशिरा येते, म्हणून शनिवारी मी डबा घेऊन जाते. शुभदाच्या स्वयंपाकघरात अजून सगळं तिच्याच पद्धतीने आहे: चहाची भांडी हाताशी, साखर मुद्दाम वरच्या फळीवर. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. मी तिला एकदाचं विचारलं. “आर्या, त्या दिवशी तुला बोलावं लागलं. खरं तर ते मी बोलायचं होतं. तुझ्यावर त्याचं ओझं आलं का?”

तिने पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला. “आलं,” ती म्हणाली. “रोज येतं. बट इट्स माइन, लाह. तू बोलली असतीस ना, तर मी आयुष्यभर तुझ्याशी भांडले असते. मग माझ्याकडे आई पण नाही आणि मावशी पण नाही.”

मी तिला भाजी वाढली. मग तीच म्हणाली, “मावशी, तुझं कोण आहे? तुझ्यासाठी कोण बोलणार?”

“काका आहेत की.”

“काका? ही विल क्राय, मावशी. डॉक्टरलाच रडवतील.”

हे खरं होतं. ज्या एका माणसाचं नाव मी डोळे मिटून दिलं असतं, ते माणूस आता नव्हतं. मी विचारलं, “मग तू बोलशील?”

“कॅन,” ती म्हणाली, इथे ‘हो’ला म्हणतात तसं. “पण आधी तुला मला सगळं सांगावं लागेल. तुला काय आवडतं, काय नको. नीट. नाहीतर मी काय सांगणार त्यांना?”

असं म्हणून ती उठली, समोरची आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. शुभदा विभागात घरच्यांशी बोलायची तेव्हा अशीच बसायची. श्रीकांतला दुसऱ्यांदा आत नेलं होतं तेव्हा माझ्या शेजारीही ती अशीच येऊन बसली होती. आर्याने ते कधी पाहिलं असण्याची शक्यता नाही. मी तिला ते सांगितलं नाही.

मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं, त्यामुळे काय सांगावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, “सकाळचा चहा. स्वतःच्या हातांनी कप धरता येत असेल, तर बाकी कितीही त्रास असला तरी चालेल मला.”

“ओके. चहा,” आर्या म्हणाली, आणि घाई न करता वाट बघत राहिली. “आणि?”